ट्रॉयका!

ट्रॉयका! हा टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायचा एक इंग्रजी भूमिकाखेळ. नावातले उद्गारचिन्ह मूळचेच आहे. खेळाचे जग विज्ञान आणि अद्भुत यांच्या सरमिसळीतून उभे राहते. त्यात स्फटिकगोल आहेत, त्यांच्यामधल्या पाठीवर कुबड आलेल्या आकाशातून सोनेरी शिडांच्या नौका जातात, आणि विचार करणारे यंत्र व ओसाड राज्याचा राजा एकाच खानावळीत भेटू शकतात. रचनाकार डॅनियल सेल, प्रकाशक ब्रिटनमधील मेल्सोनियन आर्ट्स कौन्सिल. चित्रे नसलेली, केवळ मजकुराची ‘आर्टलेस’ आवृत्ती प्रकाशकाने विनामूल्य उपलब्ध केली आहे.

खेळायला सहापैलू फासे, कागद, पेन्सिल, बाहेरून आतले दिसणार नाही अशी एक थैली आणि रंगीत सोंगट्या लागतात. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जगाची आणि त्यातल्या इतर सगळ्यांची बाजू सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात.

मूळ

१९८२ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी ‘फायटिंग फँटसी’ ही गेमबुकांची मालिका सुरू केली. वाचकाने निर्णय घ्यायचा, सांगितलेल्या क्रमांकाच्या परिच्छेदावर उडी मारायची आणि वाटेतल्या झुंजी फाशांनी सोडवायच्या, अशी ही एकट्याने खेळायची पुस्तके. नायकाकडे स्किल (उपजत कुवत), स्टॅमिना (जीवशक्ती, इजेने घटणारी) आणि लक (नशीब) असे तीनच आकडे असत. हीच पद्धत टेबलावरच्या गटासाठी विस्तारून १९८९ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड फायटिंग फँटसी’ आले. ट्रॉयका! थेट त्या घराण्यातला आहे.

एक बदल मात्र लहान दिसत असला तरी निर्णायक ठरला. गेमबुकात नायकाचे स्किल एक फासा अधिक ६, म्हणजे ७ ते १२ असे. ट्रॉयका!मध्ये ते अर्धा फासा अधिक ३ असते. फाशावर १-२ आले तर एक, ३-४ आले तर दोन, ५-६ आले तर तीन धरायचे, म्हणजे स्किल ४ ते ६ मध्येच राहते. स्टॅमिना (दोन फासे अधिक १२) आणि लक (एक फासा अधिक ६) जुन्याच मापाचे आहेत. त्यामुळे उपजत कुवतीपेक्षा पात्राने काय शिकले आहे याला वजन येते.

पात्र

पात्र बनवायला पाच-दहा मिनिटे पुरतात. तिन्ही आकडे फाशांनी काढायचे, मग पार्श्वभूमी काढायची. त्यासाठी वेगळ्या रंगांचे दोन फासे टाकतात. एक दहम स्थानाचा, दुसरा एकम स्थानाचा. ११ ते ६६ असे ३६ निकाल मिळतात आणि ३६ पार्श्वभूमी आहेत. प्रत्येकीत दोन-चार ओळींचे वर्णन, सोबतचे सामान आणि अवगत कौशल्यांची यादी असते. प्रत्येक कौशल्यापुढे आकडा असतो. सामायिक सामान सर्वांना मिळते: थोडी चांदीची नाणी, सुरी, कंदील आणि तेल, पाठपिशवी, सहा वेळची शिधासामग्री.

जगाची ओळख करून देणारे वेगळे प्रकरण पुस्तकात जवळजवळ नाहीच, ते काम या ३६ नोंदी करतात. फुगलेल्या बेडूकदेवाचा भक्त असलेला तळी नासवणारा पुरोहित आहे. सांगितलेले न ऐकणारी, पण घाबरून फार लांबही न जाणारी माकडे बाळगणारा माकडवाला आहे. त्याच्याकडे माकडे किती, तेही फासा ठरवतो. योंगार्डी नावाच्या ठिकाणचा वकील आहे, जिथे खटल्याचा निकाल द्वंद्वयुद्धाने लागतो. ‘योंगार्डी कुठे आहे’ याचे उत्तर पुस्तक देत नाही. ते वकिलाच्या खेळाडूने आणि गेम मास्टरने खेळता खेळता द्यायचे असते. नवख्या गटाची पहिली चूक इथेच होते. गेम मास्टर आधी जगाचा नकाशा आणि इतिहास लिहून काढतो आणि मग फाशांनी आलेली पात्रे त्यात बसत नाहीत. आधी पात्रे काढावीत आणि जग त्यांच्यावरून विणावे.

फासे

कामाची चाचणी सोपी आहे. स्किल आणि त्या कामाच्या कौशल्याचा आकडा यांची बेरीज करायची, दोन फासे टाकायचे. बेरजेइतके किंवा कमी आले तर काम झाले. दोन्ही फाशांवर सहा आले तर बेरीज कितीही असो, काम फसते. स्किल ५ आणि कौशल्य ३ असेल तर ८ किंवा कमी हवे, म्हणजे ७२ टक्के शक्यता.

कौशल्य नसेल तर नुसत्या स्किलवर टाकायचे, आणि तिथे गणित कठोर आहे. स्किल ४ ला १७ टक्के, ५ ला २८, ६ ला ४२. म्हणून दार उघडणे, पायऱ्या चढणे, खोलीत नजर फिरवणे अशा प्रत्येक गोष्टीला फासे टाकायला लावले की सगळी पात्रे वेंधळी वाटू लागतात आणि दोष नियमांना दिला जातो. फसण्याचा काही परिणाम असेल तेव्हाच फासे मागायचे, एरवी काम झाले असे धरायचे.

कौशल्याचा प्रश्नच नसतो, केवळ नशिबाचा असतो, तेव्हा लकची चाचणी होते. दोन फासे लकइतके किंवा कमी यावे लागतात. पण निकाल काहीही लागो, चाचणीनंतर लक एकाने घटते. लक ९ असलेल्या पात्राची शक्यता ८३ टक्क्यांवरून ७२, ५८, ४२ अशी उतरत जाते. पहिल्या तासात लक उधळणारा खेळाडू शेवटच्या तासात घामाघूम होतो. आठ तासांच्या विश्रांतीत लक आणि स्टॅमिना प्रत्येकी दोन फाशांइतके परत मिळतात, अर्थात मूळ आकड्यापर्यंतच.

झुंज

झुंजीत दोघेही दोन फासे टाकून त्यात आपापल्या कौशल्याची बेरीज मिळवतात. मोठा आकडा जिंकतो आणि जिंकणारा इजा करतो, मग हल्ला कोणीही केलेला असो. हे पचायला वेळ लागतो. समजा तलवारबाजीची बेरीज ८ असलेले पात्र स्किल ६ च्या चोरावर धावून गेले. पात्राने ७ टाकले, एकूण १५. चोराने १० टाकले, एकूण १६. वार पात्राने केला, पण सुरी त्याच्याच बरगडीत शिरली. बरोबरी झाली तर कोणालाच काही होत नाही. जिंकताना दोन्ही फाशांवर सहा असतील तर इजा दुप्पट.

या पद्धतीत थोडा फरकही मोठा ठरतो. दोन्ही बाजू समान असतील तर प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ४४ टक्के. बेरीज दोनने जास्त असेल तर ६६ टक्के, चारने जास्त असेल तर ८४. (दुहेरी सहाचा नियम बाजूला ठेवून केलेला हा हिशोब आहे.) म्हणजे चारने वरचढ राक्षसाला आळीपाळीने एकेकाने भिडणे हा आत्मघात. पळणे, लाच देणे, वरून झुंबर पाडणे हे मार्ग नियमांच्या बाहेरचे नाहीत, नियमच तिकडे ढकलतात.

इजा हत्याराच्या तक्त्यावरून ठरते. एक फासा टाकायचा आणि त्या रकान्यातला आकडा घ्यायचा. तलवारीचे १ ते ६ चे आकडे ४, ६, ६, ६, ६, ८. सुरीचे २, २, २, २, ४, ८. सरासरी स्टॅमिना १९ धरला तर तलवारीचे तीन-चार वार पुरतात. चिलखत इजेतून वजा होत नाही, इजेच्या फाशातून होते: हलके १, मध्यम २, जड ३. फासा एकच्या खाली जात नाही. जड चिलखतावर सुरीचा फासा तीनच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे इजा कायम २. तलवारीची सरासरी मात्र ६ वरून ४.७ च्या आसपासच उतरते. पुष्कळ जण चिलखत इजेच्या आकड्यातून वजा करतात आणि मग सुरी अगदीच खेळणे होऊन बसते. तक्ता त्यासाठी बनवलेला नाही.

थैली

खेळाची खरी खूण म्हणजे ही थैली. झुंज सुरू झाली की प्रत्येक खेळाडूच्या रंगाच्या दोन सोंगट्या तिच्यात टाकायच्या. प्रत्येक शत्रूच्या नोंदीत इनिशिएटिव्हचा आकडा असतो, तितक्या शत्रूरंगाच्या सोंगट्या त्याच्या वाट्याच्या. शेवटी ‘फेरी संपली’ या अर्थाची एकच वेगळी सोंगटी. गेम मास्टर न बघता एकेक काढतो. ज्याचा रंग, त्याची पाळी. शत्रूचा रंग आला तर कोणता शत्रू हलणार हे गेम मास्टर ठरवतो. ‘फेरी संपली’ची सोंगटी निघाली की फेरी खलास, थैलीत कितीही उरल्या असोत. जादूची मुदत, जखमेचे वाहणे, आग पसरणे यांचा हिशोब तेव्हा होतो, आणि सगळ्या सोंगट्या परत आत.

म्हणजे एखाद्या फेरीत तुमची पाळी येईलच असे नाही. नेमके किती वेळा येणार नाही, हे मात्र सांगता येते आणि ते सोंगट्यांच्या एकूण संख्येवर अवलंबून नसते. तुमच्या दोन आणि फेरीची एक, या तिघींचा आपसातला क्रम तेवढा महत्त्वाचा. फेरीची सोंगटी तिघींत पहिली, दुसरी किंवा तिसरी निघण्याची शक्यता सारखीच. म्हणून शून्य, एक आणि दोन पाळ्या, प्रत्येकाची शक्यता एक तृतीयांश. सरासरी फेरीमागे एक पाळी, जशी इतर बहुतेक खेळांत मिळते. फरक एवढाच की इथे ती पिशवीतल्या हाताकडे डोळे लावून मिळते.

ज्यांना नियोजन आवडते त्यांना हे असह्य होते. ‘मी आता दार अडवतो, मग तू बाण मार’ असे इथे ठरवता येत नाही. तक्रार खरी आहे, पण थैली काढून क्रमाने पाळ्या लावल्या तर उरते ते गेमबुकाचे जुने गणित, आणि त्यात फार राम नाही. त्यापेक्षा थैलीच्या खऱ्या चुका सुधाराव्यात. सोंगट्या आकाराने आणि स्पर्शाने सारख्या हव्यात. गुळगुळीत मणी आणि काठांचे बटण एकत्र असतील तर हाताला आपोआप कळते आणि फेरीची सोंगटी नकळत टाळली जाते. थैली मनगटापर्यंत खोल असावी. फेरीची सोंगटी आत टाकायची विसरणे तर सर्रास होते. चार-पाच पाळ्या झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते. मेलेल्या शत्रूंच्या सोंगट्या नव्या फेरीच्या आधी काढल्या नाहीत तर उरलेला एकटा शत्रू भूत अंगात आल्यासारखा लढतो.

शत्रूंच्या झुंडीबाबत विशेष सावधगिरी हवी. चार खेळाडूंच्या आठ सोंगट्या आणि इनिशिएटिव्ह २ असलेल्या दहा शत्रूंच्या वीस. सरासरी निम्म्या बाहेर येतात, म्हणजे फेरीत खेळाडूंच्या चार कृती आणि शत्रूंच्या दहा. कागदावर किरकोळ दिसणारी टोळी गटाला संपवते. झुंडीला एकच प्राणी मानून तिला एकत्रित स्टॅमिना आणि तीन-चार सोंगट्या देणे हा चांगला तोडगा.

शत्रूंच्या नोंदीत आणखी एक गोष्ट असते. सहा ओळींचा एक तक्ता, जो भेटीच्या क्षणी त्या प्राण्याची मनःस्थिती सांगतो. भुकेला, कंटाळलेला, गोंधळलेला, खेळकर असे काहीबाही. त्यावर आधी फासा टाकायचा, मग प्राण्याला बोलते करायचे. हा तक्ता वापरला तर निम्म्या झुंजी झुंजी होतच नाहीत.

जादू आणि सामान

मंत्र हेही कौशल्यासारखेच असतात, स्किल अधिक मंत्राचा आकडा. वर प्रत्येक मंत्राची किंमत स्टॅमिनातून जाते. म्हणजे जादूगार जितकी जादू करतो तितका मरणाजवळ सरकतो. मंत्र टाकताना दुहेरी सहा आले की ३६ ओळींच्या अपघात-तक्त्यावर फासे टाकायचे. ही शक्यता दर मंत्रामागे ३६ त १, आणि लांबच्या मोहिमेत ती कधी ना कधी गाठतेच.

सामानाला बारा जागा, वरून खाली क्रमांक दिलेल्या. मोठी वस्तू दोन जागा घेते. गडबडीत वस्तू बाहेर काढायची तर दोन फासे तिच्या क्रमांकाइतके किंवा जास्त यावे लागतात. पहिल्या दोन जागांतली वस्तू कधी अडत नाही, सातव्या जागेवरची ५८ टक्के वेळा हाती येते, बाराव्यावरची छत्तीसांत एकदा. औषधाची कुपी तळाशी लिहून ठेवणारा खेळाडू ती चूक एकदाच करतो.

प्रगती

अनुभवाचे गुण किंवा पातळ्या नाहीत. यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करायची. विश्रांतीत अशी जास्तीत जास्त तीन कौशल्ये निवडून प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे आणि सध्याच्या बेरजेपेक्षा जास्त आले तर कौशल्य एकाने वाढते. बेरीज ५ असताना ७२ टक्के, ७ ला ४२, १० ला ८. कच्चे लवकर पिकते, पिकलेले जवळजवळ थांबते. खूण करायची आठवण बहुतेकांना राहत नाही, म्हणून विश्रांती घेण्याआधी गेम मास्टरने ती विचारून घ्यावी.

पहिली मोहीम

पुस्तकातच एक सुरुवातीची मोहीम आहे. पात्रांना एका हॉटेलात वरच्या मजल्यावर सामायिक खोली मिळते, आणि तिथवर जिन्याने किंवा लिफ्टने पोचायचे असते. एवढीच कथा. मजल्यामागून मजला विचित्र मंडळी भेटत जातात, वर गच्चीवर मेजवानी चालू असते. नव्या गेम मास्टरला ही मोहीम सोयीची जाते, कारण गट कुठे भरकटत नाही. लिफ्टचे दार उघडते, काहीतरी आत येते, दार बंद होते, आणि आता त्याच्याशी बोलावेच लागते.