आठ सेशन झाली, आता थेरपी थांबवू का?

"आठ सेशनमध्ये फरक नाही पडला तर थेरपी सोडा" असली रील्स हल्ली सारखी फिरतायत, आणि कोथरूड-बाणेरला थेरपी घेणारी ओळखीतली पोरं मला तेच विचारतात, म्हणून हे लिहितोय.

हा आठचा आकडा हवेतून आलेला नाही. १९८६ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र केली, तर साधारण निम्मे लोक आठव्या सेशनपर्यंत सुधारलेले दिसले आणि २६ पर्यंत साधारण ७५ टक्के. आलेख आधी झपकन चढतो, मग सपाट होत जातो. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं की आठनंतर नुसते पैसे जातात.

पण तो आलेख सगळ्यांचा मिळून आहे! रविवारी सकाळी सिंहगडाच्या पुणे दरवाजापाशी बसून वर येणारे मोजा, आधी धडाधड येतात, मग एकेक. म्हणजे मागचे वाटेत थांबलेत का? नाही, ते त्यांच्या चालीने चढतायत, फक्त भराभर चालणारे आधीच वर पोचलेत म्हणून मोजणी मंदावलीय. थेरपीत असंच होत असावं. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल बारखम यांच्या टीमने २००६ मध्ये ठरवून थेरपी संपवलेले लोक तपासले, तर जास्त सेशन घेणाऱ्यांत सुधारलेल्यांचं प्रमाण जास्त नव्हतं, उलट कमीच. त्यांचं म्हणणं असं की माणूस पुरेसा बरा झाला की थांबतो, कुणी चौथ्या सेशनला, कुणी विसाव्या.

तेव्हा सेशन मोजू नका, स्वतःचा त्रास उतरतोय का ते बघा. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, गुण ० ते २७, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. १६ चे १४ झाले तर लगेच खूश होऊ नका, तेवढं इकडेतिकडे होतंच, निदान पाच गुणांचा फरक हवा. गुण उतरतायत तोवर चालू ठेवा. बरेच आठवडे जागचे हलत नसतील तर थेरपिस्टला तोंडावर विचारा, पद्धत बदलायची का, दुसऱ्या कुणाकडे जाऊ का. आणि १० च्या खाली येऊन तिथेच टिकले, शिवाय ऑफिसातल्या भांडणानंतर पुढच्या सेशनची वाट न बघता तुमचं तुम्ही सावरलात, तर थांबायचा विषय काढायला हरकत नाही. आठवड्याचं सेशन पंधरा दिवसांवर न्या, मग महिन्यावर. झोप मोडणं, फोन न उचलणं, अशी आपली घसरणीची लक्षणं शेवटच्या सेशनमध्ये लिहून घ्या. गुपचूप जाणं बंद करू नका, आणि "साडेसाती संपली, आता कशाला थेरपी" असं कुणी म्हणालं म्हणून तर अजिबात नको. गोळ्या चालू असतील तर तो निर्णय वेगळा, सायकिअॅट्रिस्टला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी असू दे, थांबायचा विषय बाजूला ठेवा आणि थेरपिस्टला लगेच सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.