गिरणीच्या कापडावरचे साडेतीन टक्के

1896 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात येणाऱ्या परदेशी कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि त्याच वेळी इथल्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडावरही साडेतीनच टक्के उत्पादन कर बसवला. हातमाग तेवढे यातून वगळले होते. दोन्ही दर सारखे असल्यामुळे हा व्यवहार कागदावर समतोल दिसतो. भेदभाव कळण्यासाठी सुताच्या नंबराकडे जावे लागते.

840 वारांच्या जितक्या लडी मिळून एक पौंड भरतो, तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत एक पौंड घेतले तर 16,800 वार धागा भरतो, आणि नंबर चढत जातो तसे सूत बारीक होते. मुंबईच्या गिरण्या तेव्हा मुख्यतः जाडेभरडे सूत कातत, तर इंग्लंडमधल्या लँकेशायर या कापड-गिरण्यांच्या भागातून येणारा माल प्रामुख्याने बारीक सुताचा असे. म्हणूनच 1894 च्या कायद्याने वीस नंबराच्या वरच्या देशी सुतावरच पाच टक्के कर लावला होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना तेवढे पुरले नाही. बारीक कापड महागले की गिऱ्हाईक करमुक्त जाड्या कापडाकडे वळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि 1896 चा कायदा त्यांच्या दबावाखाली झाला.

आयात जकातीमुळे बाहेरचा माल महागतो आणि देशी उत्पादकाला आडोसा मिळतो; तेवढाच कर देशी मालावर बसवला की तो आडोसा नाहीसा होतो. परंतु ज्या जाड्याभरड्या कापडाला लँकेशायरशी फारशी स्पर्धाच नव्हती, त्याच्यावर कर लावून कोणता समतोल साधला जाणार होता? मला यातला खरा अन्याय इथे दिसतो, कारण असे कापड घेणारा माणूस मुळात गरीब होता.

कर भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, हे अर्थशास्त्रात नेहमी घडते. माल हातोहात खपत असेल तर कर गिऱ्हाइकाच्या माथी जातो. स्पर्धेमुळे भाव वाढवता येत नसेल तर तो नफ्यातून किंवा मजुरीतून निघतो. 1925 मध्ये मंदी आणि जपानी मालाची स्पर्धा यांत सापडलेल्या मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरमध्ये सरकारने उत्पादन कराची वसुली थांबवली, तेव्हा कपात मागे घेतली गेली आणि गिरण्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या वर्षी तो कर रद्द झाला.