किल्लारीत दगडाने माणसं मारली, हे अर्धसत्य आहे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपापासून लातूर-धाराशिवकडे एक गोष्ट ऐकू येते, दगडाची घरं म्हणजे मरण, स्लॅब टाकला की सेफ. असं नाहीये हो! तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतून दोन वेगळ्या, मध्ये चिखल नि बारीक दगड, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार लांब दगडच नाही, त्यामुळे हादरा बसला की भिंत फुगून फुटली आणि वर माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, टनावारी माती. गंमत नाही, कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या, ढासळल्या त्या भिंती.

म्हणून तर सरकारच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावं हलवली तरी बाकी असंख्य घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, आरपार दगड घालून, माळवदाची माती कमी करून, वर काँक्रीटचा पट्टा फिरवून. पण दगडाची भीती इतकी बसलेली की लोकांना नवीन खोलीच हवी होती, जुनं घर तसंच राहिलं. आणि स्लॅबचं म्हणाल तर २००१ च्या भूकंपात भुजमध्ये, अहमदाबादमध्ये स्लॅबच्या बिल्डिंगा पडल्याच की! बांधकाम कसं केलंय ते बघा, गवंड्याला आरपार दगड घालतोयस का हे आधी विचारा.