कंट्री संगीतातील इलेक्ट्रिक बारा-तारी गिटार

इलेक्ट्रिक बारा-तारी गिटारमध्ये सहा सुट्या तारांऐवजी तारांच्या सहा जोड्या असतात. ई, ए, डी आणि जी या खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्याच सुराची, पण वरच्या सप्तकातली एक बारीक तार असते. बी आणि वरचा ई या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. अमेरिकेच्या कंट्री संगीतात हे वाद्य दोन निरनिराळ्या वाटांनी आले. पहिल्यांदा ते १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या अतिजलद वाद्यसंगीतातून आले आणि नंतर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोक-रॉकमधून. तरीही कंट्री बँडचे मुख्य गिटार ते कधी झाले नाही. कंट्री गिटारवादनाचा जीव तार ताणून सूर चढवण्यात आहे आणि नेमके तेच बारा तारांवर जमत नाही. हे ओळखून ज्यांनी त्याला बँजो, मँडोलिनच्या जवळची जागा दिली, त्यांच्या हातात ते शोभून दिसले.

स्ट्रॅटोस्फिअर ट्विन आणि जिमी ब्रायंट

मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात डीव्हर बंधूंनी १९५४ च्या सुमारास स्ट्रॅटोस्फिअर ट्विन हे गिटार बाजारात आणले. एकाच बॉडीवर सहा तारांची एक आणि बारा तारांची एक अशा दोन माना त्याला होत्या. गिटारवादक जो मॅफिस यांच्यासाठी सेमी मोझली यांनी त्याच काळात बनवलेले दोन मानांचे गिटार यापेक्षा वेगळे. त्याची दुसरी मान आखूड, सहाच तारांची आणि वरच्या सप्तकात लावलेली होती.

स्ट्रॅटोस्फिअरचा उपयोग गाजवला जिमी ब्रायंट (१९२५–१९८०) यांनी. स्टील गिटारवादक स्पीडी वेस्ट यांच्या जोडीने कॅपिटॉल कंपनीसाठी केलेल्या १९५४ च्या ध्वनिमुद्रणात ब्रायंट यांनी बारा तारांच्या जोड्या सप्तकाच्या अंतराने न लावता षड्ज-गंधाराच्या अंतराने लावल्या. वेस्टर्न स्विंगच्या बँडमध्ये दोन गिटारवादक एकच धून गंधाराच्या अंतराने एकत्र वाजवत. तो परिणाम एका माणसाच्या दोन हातांतून काढायचा, हा यामागचा हेतू.

यातली अडचण सुरांच्या गणितात आहे. सी मेजर सप्तकात सी, एफ आणि जी या तीन सुरांवर सप्तकातलाच जोडसूर शुद्ध गंधाराच्या अंतरावर येतो. डी, ई, ए आणि बी या चार सुरांवर तो कोमल गंधाराच्या अंतरावर येतो. जोडीतले अंतर मात्र एकदा लावले की कायम. सगळ्या जोड्या शुद्ध गंधारावर लावल्या तर सातपैकी चार सुरांवर सप्तकाबाहेरचा स्वर उमटेल. म्हणून काही जोड्या शुद्ध आणि काही कोमल गंधाराच्या ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक सूर कोणत्या जोडीवर घ्यायचा हे बोटांना आधी ठाऊक असावे लागते. रोजची सवयीची बोटे इथे निरुपयोगी ठरतात. ब्रायंट यांच्यासारखा हात असलेला माणूस विरळा, त्यामुळे ही पद्धत फारशी पसरली नाही. ऐकताना आजही थक्क व्हायला होते ते या गणितामुळेच: इतक्या वेगात ते प्रत्येक सुराला योग्य जोडी निवडत होते.

बर्ड्‌स, रिकनबॅकर आणि नॅशव्हिल

दुसरी वाट रिकनबॅकर ३६०/१२ या गिटारने खुली केली. याचा पहिला नमुना १९६३ च्या अखेरीस तयार झाला आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये एक गिटार न्यू यॉर्कमध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांच्या हाती पडले. ते बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटात पाहून बर्ड्‌स या बँडच्या रॉजर मॅग्विन यांनी तेच गिटार घेतले. मॅग्विन शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये बँजो शिकलेले. त्यांनी अंगठा व तर्जनीत साधी पिक (तार छेडायची चपटी पट्टी) आणि मधल्या दोन बोटांवर धातूच्या नख्या चढवून बारा तारांवर बँजोचे रोल (कॉर्डचे सूर एकामागून एक अखंड छेडण्याची पद्धत) वाजवायला सुरुवात केली. ब्लूग्रासमधला हा हात इलेक्ट्रिक गिटारवर आला, तिथेच कंट्रीशी नाते जुळले. १९६५ च्या अखेरीस आलेल्या बर्ड्‌सच्या दुसऱ्या अल्बमात बँडमधल्याच ख्रिस हिलमन यांच्या आग्रहाने एक कंट्री गाणेही आले. पोर्टर वॅगनर यांनी ते १९५५ मध्ये गाजवले होते.

१९६८ मध्ये बँडमध्ये नव्याने आलेल्या ग्रॅम पार्सन्स यांच्या प्रभावाखाली बर्ड्‌सनी नॅशव्हिल आणि लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण करून पूर्ण कंट्री अल्बम केला, ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’. या अल्बमात मॅग्विन यांनी रिकनबॅकर जवळजवळ बाजूला ठेवून साधे गिटार आणि बँजो घेतला. झणकाराची जागा लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस यांच्या पेडल स्टीलने (आडवे ठेवून, पायाच्या पेडलने सूर चढवत वाजवायचे स्टील गिटार) भरली. हे दोन आवाज एकाच जागेवर हक्क सांगतात, हे त्या बँडला तेव्हाच उमगले असावे.

पुढे गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट बँडमध्ये आले आणि १९६८ ते १९७३ या काळात वेगळी मांडणी तयार झाली. व्हाइट यांच्या टेलिकास्टरला (फेंडरचे सहा-तारी इलेक्ट्रिक गिटार) त्यांनी आणि बँडचे ड्रमवादक जीन पार्सन्स यांनी बसवलेली बी-बेंडरची यंत्रणा होती. गिटारची मान खाली दाबली की खांद्याच्या पट्ट्यावर ताण येऊन बी तार एक पूर्ण स्वर चढते. ताणाचे, मींडीसारखे काम व्हाइट यांच्या टेलिकास्टरकडे आणि स्थिर, झणकणारी कॉर्डची चौकट मॅग्विन यांच्या रिकनबॅकरकडे, अशी ही वाटणी. कंट्रीत बारा तारा वापरण्याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. व्हाइट यांचे ते टेलिकास्टर पुढे कंट्री गायक-वादक मार्टी स्टुअर्ट यांच्याकडे आले. २०१८ मध्ये ‘स्वीटहार्ट’ला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मॅग्विन, हिलमन आणि स्टुअर्ट यांच्या एकत्रित दौऱ्यात हे दोन्ही आवाज पुन्हा एका मंचावर आले.

वाद्याची घडण

रिकनबॅकरमध्ये सहा खुंट्या नेहमीप्रमाणे बाजूला आणि सहा मागे वळवलेल्या असतात. त्यामुळे डोके लांबलचक होत नाही आणि गिटार त्या बाजूला झुकत नाही. जोडीतला क्रमही उलटा असतो. इतर बहुतेक गिटारांत पिक खाली जाताना आधी बारीक तार लागते, रिकनबॅकरमध्ये आधी जाड. म्हणून तिथे मूळ सुराला वजन मिळते आणि वरचे सप्तक मागोमाग चमकते. मानेची रुंदी मात्र नटपाशी (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) जेमतेम ४१ मिलिमीटर, म्हणजे सहा तारांच्या गिटारपेक्षाही अरुंद. जाड बोटांच्या वादकाने ६६०/१२ हे रुंद मानेचे मॉडेल पाहावे.

फेंडरचे इलेक्ट्रिक एक्सआयआय १९६५ मध्ये आले आणि दशकाच्या अखेरीस बंद झाले. त्याचा मोठा गुण म्हणजे ब्रिजवर बारा स्वतंत्र सॅडल, म्हणजे तारेची लांबी नेमकी करता येणारे टेकू. त्याआधी १९६१ मध्ये डॅनइलेक्ट्रोने न्यू यॉर्कचे स्टुडिओवादक विनी बेल यांच्यासोबत बेलझूकी काढले होते. गिब्सनचे ईडीएस-१२७५ हे दोन मानांचे गिटार एकाच गाण्यात दोन्ही आवाज हवे असतील तर सोयीचे आहे, पण खांद्याला जड. कंट्रीच्या दीड-दोन तासांच्या कार्यक्रमात ते पेलणे सोपे नाही.

तारा आणि ताण

इलेक्ट्रिक बारा-तारीचा नेहमीचा संच इंचाच्या हजाराव्या भागात असा: ई १०/१०, बी १३/१३, जी १७/८, डी २६/१२, ए ३६/१८, ई ४६/२६. १० ते ४६ च्या सहा तारांचा मानेवरचा एकूण ताण साधारण ४६ किलो असतो, बारा तारांचा ९० किलोच्या आसपास जातो. म्हणून तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. एक जोडी काढावी, नवी चढवून सुरात आणावी, मग पुढची. सगळा ताण एकदम उतरला की मान मागे जाते आणि पूर्वपदावर यायला वेळ घेते.

सर्वांत जास्त तुटते ती जी जोडीतली ८ ची बारीक तार. या वाद्यावरचा सर्वांत उंच मोकळा सूर पहिल्या ई तारेचा नसून हिचा आहे: ई सुमारे ३३० हर्ट्‌झ, तर ही ३९२ हर्ट्‌झ. तार किती सुरापर्यंत चढेल हे तिच्या लांबीवर आणि पोलादाच्या ताकदीवर ठरते, जाडीवर नाही. त्यामुळे ८ ऐवजी ९ ची तार लावून तुटणे थांबत नाही. नटच्या खाचेत किंवा सॅडलवर धार राहिली असेल तर ती बारीक सँडपेपरने घालवून खाचेत पेन्सिलीचे ग्राफाइट भरावे. बऱ्याचदा रोग तिथेच असतो.

सुरात लावताना जोडीतली बारीक तार बोटाने अडवून (वाजू न देता) आधी सहाही जाड तारा लावाव्यात, मग बारीक. ताण वाढत गेला की मान किंचित वाकते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात, म्हणून सगळा फेरा दोनदा करावा. ३३० हर्ट्‌झच्या जोडीत २ सेंटचा फरक राहिला (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) तर अडीच सेकंदांत साधारण एक लहर येते आणि कानाला गोड लागते. फरक १० सेंटवर गेला की सेकंदाला जवळजवळ दोन लहरी येतात आणि ऐकणारा सरळ बेसूर म्हणतो.

एका जोडीला एकच सॅडल असेल, तर तडजोड अटळ आहे. जाड तारेसाठी सॅडल मागे घेतला की बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) बारीक तार उतरते, बारीक तारेसाठी पुढे आणला की जाड तार चढते. कंट्रीत बहुतेक काम पहिल्या पाच फ्रेटमध्ये आणि कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून होते. तेव्हा बाराव्या फ्रेटचा हट्ट सोडून तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर जोड्या जुळवाव्यात.

वादन

तार ताणून सूर चढवणे इथे का जमत नाही, हे जी जोडीवर स्पष्ट दिसते. १७ ची साधी तार आणि ८ ची तार यांचा ताण जवळपास सारखा, पण जाड तारेत पोलाद साडेचार पट. दोन्ही सारख्या सरकवल्या की जाड तार बारीक तारेच्या कितीतरी पट चढते आणि सप्तक फाटते. टेलिकास्टरवाले सर्वांत जास्त ताणतात ती हीच जी तार. बी आणि वरच्या ई जोडीत दोन्ही तारा सारख्या असल्याने तिथे अर्ध्या स्वराचा ताण चालतो, पण जोर दुप्पट लागतो. याच कारणाने बोटाने गरजेपेक्षा जास्त दाबले तरी जी जोडी बिघडते. हात हलका ठेवावा. कॅपोही फ्रेटला अगदी चिकटवून, तारा नुसत्या वाजतील इतकाच घट्ट करावा आणि लावल्यावर जी जोडी पुन्हा तपासावी.

नखाने तार वर ओढून सोडण्याचे चिकन-पिकिन इथे कमी जमते, कारण नखात बहुधा जोडीतली एकच तार येते. धातूच्या नख्या किंवा नुसती पिक दोन्ही तारांना सारखी लागते. मोकळ्या तारांच्या कॉर्ड, त्यांतून सुटे सूर काढणारे रोल आणि गाण्याच्या दोन ओळींमधले छोटे उतरते तुकडे, एवढ्यातच या वाद्याचा मोठा वाटा येतो.

पेडल स्टीलसोबत

पेडल स्टील वादक आपला गंधार समान-विभागी (सप्तकाचे बारा सारखे भाग करून मिळणाऱ्या) सुरापेक्षा खाली लावतात. पूर्ण नैसर्गिक गंधार, म्हणजे तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार, सुमारे १४ सेंट खाली असतो. गिटारचे फ्रेट समान-विभागी. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी गंधार धरला की घर्षण होते आणि बारा तारांवर ते अधिक ठळक ऐकू येते. नेहमीच्या जी कॉर्डमध्ये गंधार, म्हणजे बी, ए जोडीच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि मोकळ्या बी जोडीवर मिळून चार तारांतून वाजतो. उपाय असा: सहाव्या जोडीवर तिसरा फ्रेट धरलेल्या बोटाच्याच पोटाने ए जोडी बंद करावी, डी आणि जी मोकळ्या ठेवाव्यात, बी आणि वरच्या ई जोडीवर तिसरा फ्रेट धरावा. गंधार पूर्ण निघून जातो, षड्ज-पंचम उरतात आणि स्टीलला आपला गंधार निवांत घेता येतो.

फिडल, मँडोलिन आणि बारा तारा तिन्ही एकदम सुरू झाल्या तर गायकाचे शब्द बुडतात. बारा तारा धृपदासाठी राखून ठेवणे हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

ध्वनिमुद्रण

बर्ड्‌सच्या आवाजात रिकनबॅकरइतकाच वाटा स्टुडिओतल्या कॉम्प्रेसरचा (आवाजाचे चढउतार कमी करणारे यंत्र) होता. बारीक तारांचा सूर लवकर विरतो, कॉम्प्रेसर त्याला लांबवतो. मॅग्विन यांच्या नावाने निघालेल्या ३७०/१२ मॉडेलमध्ये तर कॉम्प्रेसर गिटारच्या आतच बसवलेला होता. ४:१ ते ८:१ गुणोत्तर आणि १० ते ३० मिलिसेकंदांचा अटॅक (कॉम्प्रेसरला काम सुरू करायला लागणारा वेळ) यापासून सुरुवात करावी. १२०–१५० हर्ट्‌झखालचा आवाज कापला की बास गिटारशी भांडण मिटते. डिस्टॉर्शन टाळावे. जोडीतल्या सूक्ष्म फरकांचे त्यात मोठे खरखरीत ठोके होतात.

नॅशव्हिलच्या स्टुडिओंत बारा-तारीचा परिणाम पुष्कळदा गिटार न बदलताच साधला जातो. एका सहा-तारी गिटारवर बारा-तारी संचातल्यासारख्या फक्त बारीक तारा चढवतात, उदाहरणार्थ: १०, १४, ९, १२, १८, २७. खालच्या चार तारा त्यामुळे एक सप्तक वर जातात. ही हाय-स्ट्रंग किंवा नॅशव्हिल जुळणी. एक साधे गिटार आणि एक हाय-स्ट्रंग यांवर तोच भाग वाजवून स्टिरिओत डावी-उजवीकडे ठेवला की बारा-तारीसारखा पसरलेला आवाज मिळतो. प्रत्येक तारेला स्वतःचा सॅडल असल्याने सूरही अधिक नेमके राहतात. दोन वेळा वाजवल्यामुळे पिकचे फटके मात्र तंतोतंत जुळत नाहीत. रोल वाजवायचे असतील, तर खरे बारा-तारीच घ्यावे लागते.