कुरळे केस आणि संवेदनशील त्वचा : खरेदीपूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

आमच्या पुण्यातील दुकानात कुरळ्या केसांची जी मंडळी येतात, त्यांच्यापैकी अनेकांची त्वचाही नाजूक असते आणि त्यांची तक्रार बहुधा एकाच वळणाची असते. केसांसाठी घेतलेल्या क्रीमने केस छान बसतात, पण आठवड्याभरात कानामागे, मानेवर किंवा कपाळाच्या कडेने लाल चट्टे उठतात. मग सौम्य म्हणून दुसरी बाटली नेली जाते, तिने खाज थांबते, पण केस पुन्हा पिंजारतात. न्हाणीघरातील फळीवर अशा अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांग लागण्यापूर्वी हे पत्रक आपल्या हाती पडावे, अशी आमची इच्छा आहे. आम्ही विक्रेते आहोत, त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. त्यामुळे येथे निदान किंवा उपचार सांगितलेले नाहीत, वस्तू कशी निवडावी एवढेच सांगितले आहे.

अडचणीचे मूळ

कुरळा केस ज्या मुळातून उगवतो ते मूळच टाळूच्या आत वाकडे असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते, म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी, अशी स्थिती एकाच डोक्यावर दिसते. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. ते कौलारू छपरावरील कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि वळणाच्या जागी थोडे उचललेले राहतात. तेथून ओलावा निघून जातो, दमट हवेत तो आत शिरतो आणि केस फुलतात. अशा केसांना भरपूर कंडिशनर लागते, आणि धुतल्यावर न काढता तसेच ठेवावयाचे क्रीम किंवा जेलही लागते.

नेमकी येथेच त्वचेची अडचण सुरू होते. शाम्पू दोन मिनिटांत पाण्याबरोबर निघून जातो. पण केसांत ठेवलेले क्रीम पुढच्या न्हाण्यापर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, घामाबरोबर मानेवर आणि कपाळावर उतरत राहते आणि रात्री उशीच्या अभ्र्यालाही लागते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की धुऊन टाकावयाच्या वस्तू आणि लावून ठेवावयाच्या वस्तू यांना एकच कसोटी लावू नये. शाम्पूत थोडा सुगंध असला तरी अनेकांना तो चालून जातो; तोच सुगंध केसांत ठेवावयाच्या क्रीममध्ये असेल, तर नाजूक त्वचेच्या व्यक्तीने ते क्रीम घेऊ नये, मग त्याने केस कितीही सुरेख दिसोत.

लेबल कसे वाचावे

बाटलीची पुढची बाजू जाहिरातीची असते. आपल्या उपयोगाचा मजकूर मागच्या बाजूस, बहुधा बारीक टाइपात असतो. भारतातील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात आणि ज्यांचे प्रमाण १ टक्का किंवा त्याहून कमी आहे, ती शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यातून एक सोपी युक्ती निघते. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्यापर्यंतच वापरले जाते. त्यामुळे यादीत त्याच्या नंतर ज्या महागड्या तेलाचे नाव आले आहे, ते तेल बाटलीत नावापुरतेच आहे असे समजण्यास हरकत नाही. दुकानात उभ्या उभ्या हे पाहावयास अर्धे मिनिट पुरते आणि त्यात कधी कधी पाचशे रुपये वाचतात. (हे वाक्य विक्रेत्याने छापावे का, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली.)

फेस आणणाऱ्या द्रव्यांपैकी सोडियम लॉरिल सल्फेट सर्वांत तीव्र आहे. ते केसांतील तेल ओरबाडून काढते आणि त्वचेलाही झोंबते. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून बरेच मवाळ असते. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड ही नावे सुरुवातीच्या चार-पाच घटकांत दिसली, तर शाम्पू सौम्य गटातला आहे असे मानावे. मात्र सौम्य म्हणजे कोणालाही ॲलर्जी न होणारे, असा अर्थ घेऊ नये. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाचे तज्ज्ञ दरवर्षी एखाद्या ॲलर्जीकारक द्रव्याकडे लक्ष वेधतात. त्यांनी २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेनचे आणि २०१७ साली ग्लुकोसाइड गटाचे नाव घेतले होते. बहुसंख्य लोकांना ही द्रव्ये सोसतात. परंतु ‘सल्फेटमुक्त’ शाम्पू सुरू केल्यावरच टाळू खाजू लागली असेल, तर शंका या नावांवर घ्यावी.

लावून ठेवावयाच्या वस्तूत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह दिसल्यास ती वस्तू नाजूक त्वचेच्या ग्राहकांना आम्ही देत नाही. ॲलर्जीच्या तक्रारी वाढल्यामुळे युरोपीय संघाने २०१७ पासून अशा वस्तूंत त्यावर बंदी घातली आहे. सुगंधाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दामागे डझनावारी द्रव्ये असू शकतात. लव्हेंडर, टी ट्री, संत्र्याच्या सालीचे तेल ही सुवासिक तेलेही त्यातच जमा धरावीत. ती झाडापासून आली म्हणून त्वचा त्यांना सवलत देत नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीच एका ताईंना ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे लिहिलेले केसांचे तेल आत्मविश्वासाने दिले आणि पाचव्या दिवशी त्या दोन्ही कानांमागे सुजलेली, पाणी सुटलेली त्वचा घेऊन दुकानात आल्या. तेलात सहा प्रकारचे सुवासिक अर्क होते आणि ते लेबलावर छापलेले होते. आम्ही वाचले नव्हते.

दोन गैरसमज येथेच दूर करावेसे वाटतात. सीटिल अल्कोहोल आणि सीटेरिल अल्कोहोल ही नावे वाचून अनेक जण बाटली परत ठेवतात. ही मेणासारखी स्निग्ध द्रव्ये आहेत, केस कोरडे करणाऱ्या स्पिरिटशी त्यांचा गुणाने संबंध नाही, आणि त्यांची ॲलर्जी एखाद्यालाच होते. दुसरा गैरसमज सिलिकोनविषयीचा. डायमेथिकोनसारखी सिलिकोने पाण्याने सहज निघत नाहीत आणि फारच सौम्य शाम्पू वापरणाऱ्यांच्या केसांवर त्यांचा थर साचू शकतो, हे खरे आहे. पण त्वचेला त्यांचा त्रास क्वचितच होतो. ज्यांना जवळजवळ प्रत्येक वस्तूने पुरळ उठते, त्यांना सुगंधविरहित आणि सिलिकोनयुक्त साधे कंडिशनर घ्यावे आणि महिन्यातून एकदा थोडा तीव्र शाम्पू वापरावा, असेच आम्ही सुचवतो.

‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द पाहून निश्चिंत होऊ नये. त्यासाठी ठरलेली अशी एकच सर्वमान्य चाचणी नाही.

पाण्याकडे दुर्लक्ष नको

शहराच्या पेठांतून वाघोलीकडे राहावयास गेलेल्या एका ग्राहक भगिनींचा शाम्पू ‘अचानक बिघडला’. कंपनी तीच, बाटली तीच. केस मात्र दोरखंडासारखे राठ झाले आणि हातांच्या त्वचेवर भेगा पडू लागल्या. बोलता बोलता कळले की नव्या सोसायटीत टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी येते, आणि बादलीच्या आतून खरवडूनही न निघणारा पांढरा थर बसला आहे. खडकवासला धरणाचे पाणी आणि जमिनीखालून उपसलेले पाणी यांत हा फरक पडतो. कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाबरोबर चिकट मळी तयार करतात. ती केसांच्या खवल्यांत अडकते आणि त्वचेवरही राहते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही केसांना जड असू शकते.

असे पाणी असल्यास शाम्पूच्या घटकांत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए आहे का, ते पाहावे. ही द्रव्ये क्षारांना बांधून ठेवतात. अंगाला नेहमीची साबणाची वडी न लावता साबणविरहित वडी लावावी, कारण साध्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास असतो आणि त्वचेचा सुमारे ५. न्हाताना शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी बराच फरक पडतो.

घरातील वस्तूंविषयी

खोबरेल तेलाबद्दल आजीचे म्हणणे प्रयोगशाळेतही टिकले आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईत झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली असता, केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच लक्षणीय कमी केली; त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. तेल न्हाण्यापूर्वी तास-दोन तास आणि केसांच्या लांबीला लावावे. ज्यांना कोंडा आहे त्यांनी ते टाळूवर रात्रभर ठेवू नये, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच पोसते. आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या येणाऱ्यांनी तेल केसांच्या रेषेपासून दोन बोटे दूर ठेवावे.

जवसाचा जेल हा कुरळ्या केसांसाठी बाजारातील अनेक जेलांना तोडीस तोड आहे आणि त्यात सुगंध नसतो. दोन मोठे चमचे जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवावेत. आठ-दहा मिनिटांनी डाव वर उचलला की त्यावरून लांब तार सुटू लागते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळावे. गार झाल्यावर गाळावयास बसलात तर ते कापडातून उतरणार नाही, हा आमच्या घरचा अनुभव आहे. यात प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने जेल फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावा आणि वास बदलल्यास टाकून द्यावा.

शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिनमुळे फेस येतो. ही द्रव्ये मळ काढतात, पण भुकटी नीट गाळली नाही तर कण कुरळ्या केसांत अडकून टाळूला खाज आणतात. गाळलेला काढाच वापरावा आणि रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. दिवाळीच्या उटण्याबाबतही तेच. अभ्यंगस्नान सोडा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र उटणे घासून लावण्याऐवजी दुधात अथवा तेलात कालवून हलक्या हाताने लावावे आणि बाजारचे अतिसुवासिक उटणे टाळावे. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. काळे डाग पडू शकतात.

शुद्ध मेंदी केसांना तांबूस रंगच देते. पाकिटातील ‘काळी मेंदी’ काळा रंग देत असेल, तर त्यात पॅराफेनिलीनडायअमिन असण्याची दाट शक्यता असते, आणि केसांच्या रंगामुळे होणाऱ्या गंभीर ॲलर्जीला बहुधा हेच द्रव्य कारण असते. जाता जाता टिकलीविषयी. टिकलीच्या मागील चिकट पदार्थात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल गटातील रसायन असल्यास काही जणींच्या कपाळावर त्याच जागी खाज येते, पुढे पांढरा डागही पडतो. असे होऊ लागल्यास क्रीम बदलण्याआधी टिकली थांबवून पाहावी.

आपल्या हातावर चाचणी

नवी वस्तू प्रथम चेहऱ्यावर किंवा डोक्यावर वापरू नये. लावून ठेवावयाचे क्रीम, जेल किंवा तेल कोपराच्या आतील बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग ७ ते १० दिवस लावावे. इतके दिवस लागण्याचे कारण असे की झोंबणे किंवा जळजळ लगेच कळते, पण ॲलर्जीचे पुरळ दोन ते चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा उठते. दुकानात मनगटाला क्रीम लावून पाच मिनिटांत दिलेला निकाल म्हणून निरुपयोगी असतो. शाम्पू मात्र त्वचेवर तसाच ठेवू नये. पाण्यात मिसळून लावावा आणि धुवावा. केसांच्या रंगाची चाचणी प्रत्येक वेळी, ४८ तास आधी, पाकिटावरील सूचनेप्रमाणे करावी. गेल्या वेळी काही झाले नाही हा भरवसा पुरेसा नाही. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. तीन एकदम सुरू केल्या, तर दोष कोणाचा हे ना आपल्याला कळेल ना आम्हाला.

पुरळ पसरत असेल, पापण्या सुजल्या असतील किंवा पाणी सुटत असेल, तर वस्तू बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. त्यांच्याकडील पॅच टेस्टमध्ये नेमके द्रव्य सापडू शकते. औषधांच्या दुकानातून स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आणून चेहऱ्याला लावू नये. त्याने दोन दिवसांत बरे वाटते आणि काही आठवड्यांत त्वचा पातळ व लाल होऊन त्या मलमावाचून राहीनाशी होते.

ऋतू आणि गाव

ग्लिसरिन हवेतील ओलावा खेचते. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात ते जास्त असलेल्या जेलने केस फुलतात. अकोला-नागपूरकडील उन्हाळ्यात हवाच कोरडी असल्याने त्याचा हवा तसा लाभ होत नाही. जून ते सप्टेंबर या काळात ग्लिसरिन घटकांच्या यादीत खाली असलेले जेल निवडावे. केस टिपण्यासाठी खरखरीत टॉवेलऐवजी जुना सुती पंचा वापरावा आणि जाड दातांच्या कंगव्याने कंडिशनर लावलेले असतानाच गुंता सोडवावा.

दुकानात येताना

यापूर्वी ज्या वस्तूंनी त्रास झाला त्यांच्या रिकाम्या बाटल्या किंवा मागच्या लेबलांचे स्पष्ट फोटो बरोबर आणावेत. ज्यांनी त्रास झाला नाही त्यांचेही आणावेत, कारण दोन याद्या शेजारी ठेवल्या की संशयित नावे पटकन वेगळी पडतात. घरी पाणी कोणते येते ते सांगावे. पॅच टेस्ट झालेली असल्यास तिचा अहवाल आणावा. प्रथम खरेदीत आम्ही सर्वांत लहान आकाराची बाटली किंवा उपलब्ध असल्यास कंपनीची नमुना पुडीच देतो. सील उघडलेली वस्तू परत घेता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी. शनिवारी व रविवारी गर्दी असल्यामुळे लेबले निवांतपणे तपासावयाची असल्यास मधल्या वारी दुपारी यावे.