जुन्या तैलचित्रातल्या बाईसाहेब कोण? चित्र पुसायला घेण्याआधी एवढं वाचा

नागपुरात महाल भागातल्या एखाद्या वाड्याच्या वाटण्या होतात, धरमपेठेतला जुना बंगला पाडून फ्लॅट स्कीम उभी राहते, इतवारीतली पेढी रिकामी होते, आणि माळ्यावरून किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवरून एक चित्र आमच्याकडे येतं. काळवंडलेलं तैलचित्र, त्यात मखमली खुर्चीवर बसलेली, दागिन्यांनी मढलेली एक बाई. ती कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. ज्या आजीला माहीत होतं ती गेली. मग प्रत्येक जण आपापला अंदाज बांधतो, आणि "भोसल्यांच्या राजघराण्यातली राणी असणार" हा अंदाज जवळपास ठरलेलाच असतो.

आम्ही जुनी चित्रं दुरुस्त करतो आणि फ्रेम करतो. हे पत्रक अशा चित्रांच्या मालकांसाठी काढलं आहे. आमचं कळकळीचं सांगणं एकच आहे: ती बाई कोण हे कळण्याचा मार्ग बहुतेक वेळा चित्रातच असतो. कधी पाठीमागच्या कापडावर, कधी चौकटीच्या लाकडावर, कधी मळाखालच्या रंगात. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्याचा एक हात फिरला की तो पुरावा कायमचा जातो.

आधी पाठ पाहा

चित्र दोघांनी धरून उतरवा. खाली सतरंजीची घडी ठेवून ते भिंतीला टेकवून उभं करा आणि दिवसाच्या उजेडात पाठीचे फोटो काढा. कॅन्व्हास विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेलं नाव, जुना लिलाव क्रमांक यातलं काहीही सापडू शकतं. नागपूरला मुंबईहून रेल्वे आली 1867 मध्ये. त्यानंतर मुंबई-कलकत्त्याचा माल आणि तिथले चित्रकार, दोन्ही इथे पोचणं सोपं झालं. त्यामुळे शिक्का कुठल्या शहराचा आहे हा चांगला धागा असतो. लिखाण मोडीत असेल तर "काहीतरी रेघोट्या आहेत" म्हणून सोडून देऊ नका. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, आणि स्पष्ट फोटोवरूनही ती वाचून देतात.

चिकटवलेला कागद अर्धवट फाटलेला असला तरी ओढून काढू नका. आधीच्या कुणी दुरुस्तीत पाठीला दुसरं कापड चिकटवलं असेल, तर जुनं लिखाण त्याच्या आत झाकलेलं असू शकतं. तसं दिसलं तर आम्हाला आवर्जून सांगा.

पाठीमागे चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. कॅन्व्हास सैल पडला की त्या ठोकून ताण देतात. एखादी पाचर निसटून खालच्या पट्टीच्या आणि कॅन्व्हासच्या मध्ये अडकते, तिच्यावर वर्षानुवर्षांची धूळ साचते, आणि समोरून बाईंच्या पदराखाली एक फुगवटा दिसू लागतो. पुष्कळ लोक तो समोरून बोटाने दाबतात. तसं केलं की नेमका तिथला रंग तडकतो.

दागिने, पातळ, पोलकं

बाई श्रीमंत आहे हे दागिन्यांवरून दिसतं. कुठल्या घरची आहे हेही त्यांवरून थोडंफार कळतं, पण इथे फार जपून पावलं टाकावी लागतात.

जुन्या चित्रांवर शेवटी राळेच्या व्हार्निशचा हात देत. हे व्हार्निश काळाने पिवळं, मग तपकिरी होतं. त्यातून पाहिलं की निळं पातळ हिरवं दिसतं आणि मोती सोन्याचे मणी वाटतात. म्हणजे ज्याला घरचे "हिरवा शालू" म्हणतात तो कदाचित निळा असेल, आणि गळ्यातली सोन्याची माळ खरं तर मोत्यांची असेल. आम्ही चाचणी घेतो तेव्हा कडेला, फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, काडीला गुंडाळलेला कापसाचा लहानसा बोळा द्रावणात भिजवून हळूच फिरवतो. कापसावर चहासारखा रंग उतरतो आणि खाली नखाएवढ्या जागेत निळा उघडा पडतो. तोवर रंगांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये, असं आमचं मत आहे.

आकार मात्र व्हार्निशने बदलत नाहीत. चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, पुतळ्यांची माळ, कानात बुगडी, हातात गोठ, पाटल्या आणि तोडे असतील तर घर मराठी असण्याची शक्यता मोठी. कपाळावर बोर (भांगेतून कपाळावर येणारा गोल दागिना) दिसला तर मारवाडी घराचा विचार करायला हवा. इतवारीतली पुष्कळ जुनी सावकारी घरं मारवाडीच होती. नऊवारीच्या काठावर करवतीसारखे दाते दिसले तर ते विदर्भातलं टसरचं करवती काठाचं पातळ असू शकतं. ही खूण आम्हाला सापडली की मनापासून आनंद होतो, कारण मग चित्र नाही तरी निदान पातळ तरी इकडचं असण्याचा संभव वाढतो. कोपरापर्यंत बाह्यांचं, लेस लावलेलं पोलकं आणि पायात बूट-मोजे असतील तर 19व्या शतकाची अखेर किंवा त्यानंतरचा काळ धरावा. खुर्ची, पडदा, खांब यांना फार महत्त्व देऊ नका. ते चित्रकाराच्या किंवा फोटो स्टुडिओच्या सामानातले असत.

चित्र फोटोवरून, बाई गेल्यानंतर कैक वर्षांनी काढवून घेण्याची रीतही होती. तसं असेल तर पोशाखाचा काळ एक आणि रंगांचा काळ दुसरा निघतो.

आता राणीसाहेबांविषयी. तिसरे रघूजी भोसले 1853 मध्ये वारले आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. त्यानंतर इथे पैसा संपला असं नाही, तो दुसऱ्या घरांत गेला. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, मालगुजारांची (गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांची) घरं वर आली, कापसाचे व्यापारी, सावकार, वकील आले. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कॅन्व्हासवरचं तैलचित्र काढवून घेण्याची ऐपत आणि हौस या घरांत होती. म्हणून तुमच्या चित्रातली बाई एखाद्या मालगुजाराची बायको असण्याचा संभव राणी असण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि आमच्या दृष्टीने त्याने चित्राची किंमत तसूभरही कमी होत नाही.

शोध घ्यायचा तर घरातले कागद काढा. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं आणि लग्नातल्या दागिन्यांच्या याद्यांमध्ये एकेक नग लिहिलेला असतो. यादीतला एखादा वेगळा दागिना चित्रातल्या गळ्यात दिसला की नाव हाती लागू शकतं. कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो पाहा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या नोंदी मिळतात. आणि नात्यातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीला चित्राचा फोटो नुसता व्हॉट्सॲपवर पाठवू नका, समोर बसून दाखवा.

हे नक्की तैलचित्र आहे ना?

बहिर्गोल भिंगातून चेहऱ्याकडे पाहा. बारीक ठिपके दिसले तर तो छापलेला ओलिओग्राफ आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढल्यावर अशी चित्रं घरोघरी गेली. काहींवर कॅन्व्हाससारखा पोत उठवलेला आणि वर व्हार्निश असतं, त्यामुळे फसायला होतं. तिसरा प्रकार म्हणजे मोठा केलेला फोटो, वरून रंगवलेला. त्यात चेहरा गुळगुळीत असतो आणि दागिन्यांवरच तेवढा जाड रंग दिसतो. या दोन्हींची निगा वेगळी असते, म्हणून आणण्याआधी फोटो पाठवा.

मे महिना, कूलर आणि जवसाचं तेल

तैलरंगातलं तेल म्हणजे बहुतेक जवसाचं, ज्याची चटणी आपल्याकडे घरोघरी होते. कॅन्व्हासचं लिननही त्याच झाडाच्या धाग्याचं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि पुढे अनेक वर्षं कडक होत राहतं. शंभरएक वर्षांच्या चित्रातला रंग त्यामुळे ठिसूळ असतो. त्याच्या खाली कॅन्व्हासला सरसाचा (डिंकासारख्या चिकट पदार्थाचा) लेप दिलेला असतो, आणि सरस दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वरचा रंग त्याच्याबरोबर ताणला जात नाही, म्हणून भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. त्यातच कूलर सुरू झाला की खोलीत ओली हवा भरते, रात्री बंद केला की पुन्हा सुकते. चित्राला हा रोजचा हेलकावा उन्हाळ्यापेक्षाही जास्त बाधतो. चित्र कूलरच्या झोतासमोर मुळीच लावू नका. पश्चिमेच्या भिंतीवर, जी दुपारभर तापते, तिथेही नको. आतली भिंत सगळ्यात बरी. पाठीमागे वरच्या-खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले तर हवा खेळती राहते आणि पावसाळ्यात ओल थेट पोचत नाही. कपड्यात गुंडाळून काळोख्या माळ्यावर ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात आणखी पिवळं पडतं, शिवाय वाळवीला आयतं लाकूड मिळतं.

घरी करू नका

कच्च्या बटाट्याची फोड, लिंबू, रॉकेल, खोबरेल तेल, काच पुसायचा स्प्रे: यातलं काहीही लावलेलं चित्र आम्हाला दुप्पट वेळ घेतं, आणि काही वेळा गेलेला रंग परत येत नाही. खोबरेल तेलाने चित्र चार दिवस चकाकतं, मग त्यावर धूळ चिकटून बसते. चित्रकार सोन्याची चमक दाखवायला दागिन्यावर फिक्या पिवळ्याचा जाड ठिपका ठेवतो. फडकं सगळ्यात आधी त्याच उंचवट्यांवर घासतं आणि बाईंच्या नथीची चमक पहिल्यांदा जाते. सोनेरी वर्खाच्या फ्रेमलाही पाणी लावू नका, वर्ख पाण्याने सुटतो. रंग घट्ट बसलेला असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने हलकी धूळ झटकणं एवढं पुरेसं आहे.

पूर्वजांच्या चित्राला गंध-कुंकू लावायची आपली पद्धत आहे, आणि ती मोडा असं आम्ही सांगणार नाही. पण कॅन्व्हासवर थेट लावू नका. पुढे काच बसवून देता येते, काचेवर लावा. निरांजन आणि उदबत्ती थोडी लांब ठेवा, काजळीचा थर तेलकट असतो.

आम्ही काय करतो

प्रथम फोटो आणि लेखी नोंद. मग अतिनील दिव्याखाली तपासणी: त्यात जुनं राळेचं व्हार्निश हिरवट उजळतं आणि नंतर कुणी रंगवलेल्या जागा गडद डागांसारख्या दिसतात. कपाळावरचं कुंकू मूळचं की नंतरचं, हे तिथे बरेचदा कळतं. सुटलेले पापुद्रे आधी बसवतो, स्वच्छता त्यानंतर. रंग फक्त जिथे उडाला आहे तिथेच भरतो, आणि पुढे कुणाला काढावासा वाटला तर मूळ चित्राला धक्का न लागता निघेल असाच वापरतो.

"चेहरा जरा तरुण करा", "नथ घाला", "कपाळ मोकळं बरं दिसत नाही, कुंकू लावा" अशी विनंती प्रेमापोटी होते, हे आम्ही जाणतो. तरी आम्ही ते करत नाही. मोकळ्या कपाळाचा आणि आलवणाचा (विधवेच्या लाल लुगड्याचा) अर्थ त्या बाईच्या आयुष्याशी जोडलेला असतो. आज आपण घातलेली नथ पन्नास वर्षांनी तुमच्याच नातवंडांना चुकीच्या घराकडे नेईल. नाव सापडलं नाही तर पाठीवरच्या चिठ्ठीवर आम्ही "अज्ञात स्त्री" असंच लिहितो, आणि खाली चित्र कुठल्या घरातून आलं तेही.

कायद्याविषयी

पुरावशेष व कलानिधी कायदा 1972 चा, 1976 पासून अमलात आहे. 100 वर्षांहून जुनं चित्र त्यात पुरावशेष ठरतं, त्याची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. चित्राच्या वयाचं किंवा किमतीचं प्रमाणपत्र आम्ही देत नाही.

चित्र आणताना

उन्हाळ्यात सकाळी लवकर आणा. तापलेल्या गाडीच्या डिकीत व्हार्निश मऊ पडतं, आणि बबल रॅप थेट रंगावर लावला असेल तर त्याचे गोल ठसे उमटतात. वर्तमानपत्रही नको. रंग सुटत असेल तर चित्र आडवं, तोंड वर करून आणा, वर काही टेकू देऊ नका. दुचाकीवर आणू नका, मोठा कॅन्व्हास वारा धरतो. खाली पडलेले रंगाचे कपचे दिसले तर झाडून टाकू नका, एका पाकिटात घालून सोबत आणा. त्यातले बरेचसे आम्हाला परत जागेवर बसवता येतात.