भांगपाडी आणि भोरडी: पिवळ्या चोचीचा घोळ

साळुंकीची ओळख नागपुरात कोणाला करून द्यावी लागत नाही. डोळ्यामागची पिवळी कातडी आणि उडताना पंखात चमकणारा पांढरा पट्टा दिसला की विषय संपतो. तिच्याच कुळातील भांगपाडी मैना आणि भोरडी (हिलाच पळसमैना म्हणतात) यांच्याबाबत मात्र हिवाळा लागला की दरवर्षी तोच घोळ सुरू होतो, आणि तो निस्तरण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांविषयी फार लिहीत नाही. भांगपाडीची काळी टोपी डोळ्यांच्या पातळीशी थांबते आणि तिचे गाल, गळा, पोट बदामी-नारिंगी असते. भोरडीचा काळा रंग मात्र बुरख्यासारखा गळ्यावरून छातीपर्यंत उतरतो आणि पाठ-पोट गुलाबी असते. भांगपाडी बारमाही आपल्याकडची, तर भोरडी पूर्व युरोप ते मध्य आशियाच्या गवताळ मुलखात वीण आटोपून पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारी आणि एप्रिलपर्यंत परतणारी पाहुणी आहे. एवढे माहीत असूनही ज्याची गफलत होते, त्याने आधी दुर्बिणीची काच पुसावी.

खरी फसगत होते ती भोरडीच्या त्याच वर्षीच्या पिलांमुळे. ती गुलाबीही नसतात आणि काळीही नसतात; अंगाचा रंग मातकट, तुरा जवळपास नाहीच, आणि चोच चक्क पिवळसर. चोच पिवळी आणि तुरा नाही, म्हणजे भांगपाडीचे पिल्लू, असा निष्कर्ष लोक डोळे झाकून काढतात, कारण भांगपाडीची चोच पिवळी आणि मोठ्या भोरडीची गुलाबी असते हे त्यांनी पाठ केलेले असते. गेल्या नोव्हेंबरात अंबाझरी तलावाच्या काठी तारेवर बसलेल्या अशाच एका पक्ष्यावरून माझ्या सोबत्याने अर्धा तास वाद घातला. शेवटी पक्षी उडाला तेव्हा गडद पंख आणि गडद शेपटी यांच्यामध्ये पाठीचा फिकट भाग स्वच्छ दिसला, आणि वाद तिथेच मिटला.

पाहायचे ते हेच. भोरडीच्या पिलाचे पंख आणि शेपटी अंगापेक्षा ठळकपणे गडद तपकिरी असतात, पिसांना फिकट कडा असतात आणि शेपटीच्या मुळाशी पाठ फिकट असते. भांगपाडीच्या पिलाला तुरा नसला तरी डोके अंगापेक्षा काळपट, पाठ राखी आणि पोटाखाली बदामी झाक असते. शिवाय शेपटी पसरली की कडांना पांढरे दिसते, जे भोरडीला कोणत्याही वयात नसते. ऋतूचाही आधार घ्यावा: भांगपाडीची वीण मुख्यतः उन्हाळा-पावसाळ्यात होते, म्हणून ऐन थंडीत थव्याने फिरणारे मातकट पक्षी पाहून आधी भोरडीचाच विचार करावा.

छायाचित्रकारांवर माझा राग इथेच आहे. फांदीवर ऐटीत बसलेल्या पक्ष्याचे चित्र ते जपतात आणि उडतानाची धूसर चित्रे पुसून टाकतात, वास्तविक शेपटीची कड आणि पाठीचा फिकटपणा त्याच धूसर चित्रांत असतो. दुसरा प्रकार त्याहून वाईट: हिवाळी भोरडीचा मळकट गुलाबी रंग संगणकावर इतका चढवायचा की ती होळीतून आल्यासारखी दिसावी. रंग हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे. तेव्हा पिसांच्या फिकट कडा झिजून गुलाबी रंग आपोआप खुलतो आणि पळस, काटेसावर फुलल्यावर भोरड्या मधासाठी त्यांवर तुटून पडतात.

काटेसावरीला तेव्हा पाने नसल्यामुळे पक्ष्यामागे उजळ आकाश येते आणि कॅमेरा फसून काळ्या डोक्याचा नुसता डाग करतो. अशा वेळी एक्स्पोजर (चित्रात घेतला जाणारा प्रकाश) एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवावे. सूर्य पाठीशी घेऊन सकाळी उभे राहिलात तर सहसा तेही लागत नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांच्या शेजारी मात्र मी उभा राहत नाही.